सीसी लिमिट वाढवू का? ७५ दिवसांचं पेमेंट आणि हातात खेळता पैसा

लेथमास्तर:
नमस्कार मंडळी. भोसरीला छोटं युनिट आहे, सीएनसी टर्निंग आणि एक व्हीएमसी, ऑटोवाल्या टियर-वन कंपन्यांना (गाडी बनवणाऱ्यांना थेट माल देणाऱ्या) पिन, बुश, छोटे शाफ्ट देतो. टर्नओव्हर वर्षाला १ कोटी ६० लाखाच्या आसपास. आता एका कंपनीत नवीन पार्टचं सॅम्पल पास झालंय, पूर्ण शेड्यूल चालू झालं की २ कोटी ४० लाखावर जाईल असं दिसतंय. काम आहे, माणसं आहेत, मशीनला वेळ आहे, अडतंय ते पैशापाशी. स्टीलवाला २० दिवसांच्या वर थांबत नाही, पगार ७ तारखेला, लाइट बिल ठरलेलं, इन्सर्ट आणि टूलिंग रोखीत, हीट ट्रीटमेंटवाला तर गाडी सोडतानाच पैसे मागतो. आणि कंपनीचं पेमेंट माल जमा झाल्यापासून ७५ दिवसांनी, तेही त्यांच्या पेमेंटच्या ठरलेल्या तारखेला, ती हुकली की पुढच्या पंधरवड्यात.

सध्या २० लाखाची सीसी आहे (कॅश क्रेडिट, बँकेने खेळत्या भांडवलाला दिलेली उचलीची मर्यादा), ती जवळपास कायम फुल्ल असते. बँक म्हणते घर तारण द्या, ४० करून देतो. दुसरीकडे एक ॲपवाली फायनान्स कंपनी बिनतारण १५ लाखाची लाइन द्यायला सारखे फोन करतेय, वापराल तेवढ्यावरच व्याज म्हणतात. वडिलांचं म्हणणं कर्ज वाढवू नकोस, ऑर्डर निम्मीच घे. मला ऑर्डर सोडायची नाहीये. ज्यांनी सीसी नीट वापरलीय त्यांनी सांगा, लिमिट किती घ्यावी, कशाला वापरावी आणि कशाला नाही.

तिखटजाळ:
दादा ऑर्डर सोडू नका एवढं आधी सांगते, बाकी जाणकार सांगतीलच. माझा कोल्हापूरला मसाल्याचा धंदा आहे, कांदा-लसूण मसाला आणि तिखट. आमच्याकडे वर्षाची मिरची फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसात भरायची, ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी, तेव्हा सगळा पैसा पोत्यात जाऊन बसतो आणि माल विकत विकत तो दिवाळीपर्यंत सुटतो. सीसी नसती तर मी दर महिन्याला बाजारभावाने मिरची घेत बसले असते आणि पावसाळ्यात ती परवडतच नाही. पण माझी सीसी वर जाते तशी खालीही येते, तुमची कायम फुल्ल हे वाचून काळजी वाटली.

कृष्णाकाठ:
माझी सगळी नोकरी बँकेत, त्यातली बरीच वर्षं क्रेडिट डिपार्टमेंटला, आता रिटायर्ड. ताईंनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय, लिमिट २० ची ४० करायची की नाही हा प्रश्न नंतरचा, आधी ही २० कशात अडकलीय ते बघा. सीसी हे कर्ज फिरायला दिलेलं असतं. मालात पैसा जातो, माल बिलात जातो, बिलाचे पैसे खात्यात येतात, परत माल. खातं फुल्ल असतं तेव्हा दोन प्रकार असू शकतात. एक म्हणजे महिन्याला १५-१६ लाख जमा होतात आणि तेवढेच जातात, शिल्लक वरच राहते पण खातं फिरतंय, हे चालतं, फक्त लिमिट धंद्याला अपुरी आहे एवढाच त्याचा अर्थ. दुसरा म्हणजे वापरातले ८-१० लाख कधीच हलत नाहीत आणि सगळी उलाढाल वरच्या उरलेल्या रकमेत चाललीय. हा दुसरा प्रकार असेल तर ४० करून द्या, सहा-आठ महिन्यात ४० सुद्धा फुल्ल दिसेल.

न हलणारा पैसा बहुतेक वेळा तीन ठिकाणी सापडतो. मशीनचं मार्जिन, म्हणजे कर्जाशिवाय मालकाने घालायचा वाटा, सीसीतून भरलेलं असतं, नाहीतर घरखर्च-लग्न-प्लॉट यात गेलेला असतो, नाहीतर एखाद्या पार्टीकडे जुनी उधारी तुंबलेली असते. तुमचं कुठलं आहे ते इथे लिहायची गरज नाही पण वर्षाचं स्टेटमेंट काढा आणि प्रत्येक महिन्याचा सगळ्यात खाली गेलेला आकडा लिहून काढा. बारा महिन्यातला सगळ्यात खालचा आकडा म्हणजे साधारण अडकलेली रक्कम.

लेथमास्तर:
काका लगेच काढून बघितलं. खातं १२ लाखाच्या खाली एकदाही गेलेलं नाही. आणि कारणही कळतंय, एका जुन्या पार्टीकडे १० लाख अडकलेत, त्यांचा प्लांट हलला, माणसं बदलली, रिजेक्शनचा वाद काढून बिलं धरून ठेवलीत. मशीन टर्म लोनवर आहे, मार्जिन घरातून भरलं होतं.

ताळेबंद:
मी सीए, नाशिकला प्रॅक्टिस. लेथमास्तर, हे १० लाख तुमच्या ड्रॉइंग पॉवरमध्ये (डीपी, म्हणजे माल आणि येणी बघून बँक ठरवते ती उचलीची हद्द) धरले जातच नसणार. खूप जण सँक्शन लेटरवरचा आकडा म्हणजे आपली लिमिट समजतात, खरी लिमिट डीपी ठरवते. तुमच्यासारख्या युनिटचं उदाहरण घेऊन मांडतो, मार्जिन बँकेप्रमाणे बदलतं, तुमच्या सँक्शन लेटरमध्ये काय लिहिलंय ते बघा.

समजा आज स्टॉक २२ लाख, त्यात बार, चालू काम, तयार माल सगळं आलं. स्टीलवाल्याचं देणं ८ लाख. बँक म्हणते जो माल उधारीवर आहे त्याला पैसा तुम्ही लावलेलाच नाही, म्हणून ८ वजा, राहिले १४ लाख, त्यावर २५ टक्के मार्जिन, आले १० लाख ५० हजार. डेटर्स, म्हणजे ग्राहकांकडून येणं, एकूण ४२ लाख, त्यातले ९० दिवसांच्या वरचे १० लाख बाद, राहिले ३२, त्यावर ४० टक्के मार्जिन धरलं तर १९ लाख २० हजार. दोन्ही मिळून २९ लाख ७० हजार. म्हणजे उद्या बँकेने ४० लाख मंजूर केले तरी तुम्ही वापरू शकाल २९ लाख ७० हजार, आणि घर मात्र ४० साठी तारण. प्रोसेसिंग फी ४० वर. काही बँका न वापरलेल्या रकमेवर कमिटमेंट चार्ज लावतात तोही बघून घ्या.

पण पुढे शेड्यूल पूर्ण चालू झालं की चित्र बदलेल. २ कोटी ४० लाखाची विक्री, वर १८ टक्के जीएसटी, ७५ दिवसांचे डेटर्स साधारण ५८ लाख होतात. त्याचे ६० टक्के म्हणजे ३५ च्या जवळपास, स्टॉकचे १५ धरा, ५० लाखापर्यंत डीपी निघेल. तेव्हा ४० कमी पडतील. म्हणून माझं मत, मंजुरी एकदम पूर्ण घ्या पण प्रोजेक्शन महिन्यावारी द्या, शेड्यूलची कॉपी आणि परचेस ऑर्डर जोडा.

सातपूरकर:
छान मांडलंय. एक विचारू का, लिमिट किती मागायची याचा सरळ नियम आहे ना २० टक्क्यांचा?

कृष्णाकाठ:
आहे. नायक कमिटीची पद्धत म्हणतात त्याला, लघुउद्योगांसाठी ५ कोटीपर्यंतच्या लिमिटला चालते. अंदाजे विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरायचं, त्यातलं २० टक्के बँकेने द्यायचं, ५ टक्के मालकाने आणायचं. लेथमास्तरांना २ कोटी ४० लाखावर ४८ लाख बँकेचे, १२ लाख स्वतःचे. पण २५ टक्के म्हणजे वर्षातून पैसा चार वेळा फिरतो असं गृहीत धरलेलं आहे, ज्याचं चक्र लांब त्याला ते पुरत नाही, त्याने चक्र दाखवून जास्त मागावं.

लेथमास्तर, तुमचं चक्र असं बसतं. बार आल्यापासून तयार माल गाडीत चढेपर्यंत ३० दिवस धरू, पुढे पेमेंटचे ७५, झाले १०५, त्यातून स्टीलवाल्याचे २० वजा, ८५ दिवस पैसा तुमचा अडकतो. २ कोटी ४० लाखाच्या विक्रीला खर्च ८५ टक्के धरला तर दिवसाला सुमारे ५६ हजार रुपये बाहेर जातात. ८५ दिवसांचे साडेसत्तेचाळीस लाख होतात. म्हणजे ४८ चा आकडा हवेतला नाही. हा कागद बँकेत घेऊन जा, समोरच्या ऑफिसरला प्रपोजल वर पाठवायला असाच कागद लागतो.

आणि याच गणितातून दुसरी गोष्ट दिसते. चक्राचा एक दिवस कमी केला की ५६ हजार सुटतात. तयार माल डिस्पॅचसाठी पडून राहतो ते पाच दिवस वाचवले तर जवळपास २ लाख ८० हजार बिनव्याजी मिळाल्यासारखे आहेत. लोक व्याजदरात पाव टक्का कमी करायला मॅनेजरच्या मागे लागतात, तेवढाच जोर बिल वेळेत पोचवायला लावला तर कितीतरी जास्त सुटतं. जीआरएन (माल मिळाल्याची कंपनीची नोंद) त्याच दिवशी होतोय का, बिलावर पीओ म्हणजे परचेस ऑर्डरचा नंबर, पार्ट नंबर बरोबर आहे का, एवढ्या कारणांवर बिलं पंधरा-पंधरा दिवस अडलेली मी फाइलींमध्ये बघितलीत.

लेथमास्तर:
हे आमच्याकडे होतं, जीआरएन दोन-तीन दिवसांनी पडतो कारण गाडी संध्याकाळी पोचते आणि इनवर्डचा माणूस दुसऱ्या दिवशी बघतो. गाडी सकाळी पाठवायचं आजच ठरवतो. काका जीएसटीचं काय करायचं, पेमेंट यायच्या आधीच भरावा लागतो, तोच मोठा खड्डा पडतो दर महिन्याच्या २० तारखेला.

ताळेबंद:
तो खड्डा हिशेबात धरूनच चालायला लागतं. महिन्याला २० लाख विक्री म्हणजे ३ लाख ६० हजार जीएसटी, मटेरियल ११ लाखाचं घेतलं असेल तर खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं १ लाख ९८ हजार क्रेडिट, राहिले १ लाख ६२ हजार, हे तुम्ही कंपनीकडून पैसे यायच्या दीड-दोन महिने आधी सरकारला दिलेले असतात. मोठ्या महिन्यात तर जास्तच. यासाठी माझ्या क्लायंटना मी सांगतो की डीपीमधले दोन-अडीच लाख १५ ते २० तारखेसाठी मोकळे ठेवा, त्याला हात लावू नका. पुरवठादाराने त्याचा रिटर्न भरला नाही तर तुमचं क्रेडिटही अडकतं, म्हणून दर महिन्याला २बी (जीएसटी पोर्टलवरचं तुमच्या क्रेडिटचं पत्रक) बघून मगच त्याचं पेमेंट सोडा.

बेदाणा_तासगाव:
आमच्या भागातलं सांगतो. बेदाणा फेब्रुवारी-मार्चपासून तयार होतो, सौदे निघतात, शेतकऱ्याचं पेमेंट ठरल्या दिवसात द्यावंच लागतं, पुढच्या हंगामात तो आपल्याकडे आला पाहिजे ना. माल मात्र कोल्ड स्टोरेजला जातो आणि गणपती-दिवाळीला सुटतो. सगळा भार सीसीवर टाकला तर एप्रिलमध्येच लिमिट संपते आणि चांगला माल समोर आला तरी घेता येत नाही. आम्ही दोन भाग केलेत, स्टोरेजमध्ये जाऊन बसणार त्या मालावर पावतीचं तारण कर्ज, आणि रोजच्या खरेदी-विक्रीला सीसी. पावतीवरचं कर्ज लॉट विकला की त्याच लॉटचं फिटतं, त्यामुळे सीसी मोकळी फिरत राहते. फक्त एकच माल दोन्हीकडे दाखवायचा नाही, पावतीवर कर्ज घेतलेला लॉट स्टॉक स्टेटमेंटमधून काढायचाच. हे न करणारे आहेत आणि ते एक दिवस अडकतात.

तिखटजाळ:
भाऊ हे चांगलं कळलं. माझ्या बँकेने मला सीझनची लिमिट वेगळी करून दिलीय, फेब्रुवारी ते जुलै जास्त आणि बाकीचे महिने कमी. मागितल्यावर देतात, आपण मागतच नाही. माझं प्रपोजल करताना मी मागच्या तीन वर्षांची महिन्यावार खरेदी लिहून नेली होती, मॅनेजर मॅडमनी तोच कागद पुढे लावला.

मडगावकर:
गोव्यातून लिहितोय. हॉटेल आणि शॅकवाल्यांना क्रॉकरी, किचनचं सामान पुरवतो. ऑक्टोबर ते मार्च पैसा येतो, पावसात फार कमी. मला एकदा ब्रँचमधून फोन आला की खात्यात तीन महिन्यात जमा व्याजापेक्षा कमी आहे, खातं बिघडेल. मी तर लिमिटच्या आत होतो. हे खरंच असं असतं का?

कृष्णाकाठ:
असतं, आणि हे प्रत्येक सीसीवाल्याने पाठ करून ठेवावं. खातं लिमिटच्या आत आहे म्हणजे सगळं ठीक असं नाही. सलग ९० दिवस शिल्लक लिमिटच्या किंवा डीपीच्या वर राहिली तर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात. लिमिटच्या आत आहे पण ९० दिवसात एक रुपया जमा नाही, किंवा जमा आहे पण त्या काळात लावलेलं व्याजही त्यातून भागत नाही, तरी एनपीए. स्टॉक स्टेटमेंट तीन महिन्यांपेक्षा जुनं झालं तर त्यावर काढलेली उचल अनियमित धरतात आणि ते तसंच ९० दिवस चाललं की पुन्हा तेच. रिन्यूअल तारखेपासून १८० दिवसात झालं नाही तरी तेच. धंदा चांगला चाललेला असताना निव्वळ कागद दिले नाहीत म्हणून खाती गेलेली मी बघितलीत, फार वाईट वाटतं, कारण एकदा तो शिक्का लागला की दुसरी बँक दारात उभं करत नाही आणि बाहेर पडायला सगळी थकबाकी पूर्ण भरावी लागते. त्याच्या आधी ३० दिवस झाले की एसएमए-१, ६० झाले की एसएमए-२ असा इशाऱ्याचा शेरा लागतो, तेव्हाच बँकेत जाऊन बसायचं, फोन उचलायचे.

मडगावकर, तुम्ही पावसाच्या आधी हॉटेलवाल्यांचे चेक असे लावून घ्या की जून ते सप्टेंबर दर महिन्याला थोडी तरी जमा पडेल. सीझनमध्येच सगळं गोळा करून घेतलं तर पावसात खातं कोरडं राहतं.

मडगावकर:
देव बरें करूं काका. हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

सातपूरकर:
काका थोडा वेगळा अनुभव. आमच्या बँकेने मागच्या वर्षी स्टॉक बघायला माणूस पाठवला, त्याने शॉपमध्ये फिरून सगळे बिन मोजले आणि अर्धा माल आमचा नाहीच म्हणून डीपी कमी केली. कंपनीने जॉबवर्कला पाठवलेलं फोर्जिंग आमच्याकडे होतं, अकाउंटंटने तेही स्टॉकमध्ये धरलेलं.

कृष्णाकाठ:
त्या माणसाचं बरोबर होतं. पार्टीचं मटेरियल तुमच्या शेडमध्ये असलं तरी ते तुमचं नाही, ते तारण कसं देणार. त्यात तुमची फक्त मजुरी आहे. शॉपमध्ये पार्टीचा माल वेगळ्या रॅकवर, चलनाची प्रत अडकवून ठेवायची, आणि आपल्या बारच्या टोकाला ग्रेडप्रमाणे रंग मारतो तसा पार्टीच्या बिनला वेगळा रंग द्यायचा, इन्स्पेक्शन पंधरा मिनिटात संपतं. उलट बाजूही आहे, तुमचा माल हीट ट्रीटमेंटला किंवा प्लेटिंगला बाहेर गेलेला असेल तर तो तुमचाच आहे, तो चलनासकट स्टेटमेंटमध्ये दाखवायचा, बरेच जण विसरतात.

लेथमास्तर:
मी विसरत होतो, आमचा कायम दोन-तीन लाखाचा माल हीट ट्रीटमेंटला असतो.

हिशेबवही:
व्याजाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सीसीचं व्याज रोजच्या शिल्लकेवर लागतं, महिन्याच्या शेवटी खात्यात टाकतात. म्हणून आलेला प्रत्येक पैसा आधी सीसीत पडला पाहिजे, तो करंट खात्यात किंवा घरच्या सेव्हिंगमध्ये पडून राहणं म्हणजे व्याज वाया. साडेदहा टक्क्याने ८ लाख रुपये १२ दिवस सीसीत टाकून ठेवले, मग पगाराला काढले, तर २,७०० च्या वर वाचतात, दर महिन्याला असं एकदा-दोनदा होतंच. दुसरा फायदा असा की सगळी विक्री एकाच खात्यातून दिसते, रिन्यूअलला बँक खात्यातली जमा आणि जीएसटी रिटर्नची विक्री समोरासमोर ठेवून बघते. २ कोटीची विक्री आणि खात्यात १ कोटीच जमा असेल तर लिमिट वाढवा म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार.

आणि त्या ॲपवाल्यांबद्दल. वापराल तेवढंच व्याज हे सीसीतही आहेच. त्यांच्याकडे महिन्याला दीड-दोन टक्के सांगतात तेव्हा ऐकायला कमी वाटतं, वर प्रत्येक उचलीला फी, आणि फेड बऱ्याचदा रोजच्या किंवा आठवड्याच्या हप्त्याने. तुमचे पैसे ७५ दिवसांनी येणार आणि हप्ता उद्यापासून, हे जुळत नाही. डिजिटल कर्जात की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं, त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा टक्का लिहिलेला असतो, एपीआर म्हणतात, तो आकडा बघा आणि मग बोला. चार दिवसांची अडचण आहे, पेमेंटची तारीख नक्की आहे, तेव्हा एखादवेळ ठीक. खेळतं भांडवल म्हणून अजिबात नको.

लेथमास्तर:
पटलं. ॲपवाल्याला नाही म्हणून कळवतो. घराच्या तारणाचं मात्र मन होत नाही, वडिलांनी आयुष्यभर नोकरी करून बांधलेलं आहे.

ताळेबंद:
घर न देताही होऊ शकतं, आधी तेच मागा. सीजीटीएमएसई म्हणून गॅरंटी ट्रस्ट आहे, सरकार आणि सिडबी या लघुउद्योगांच्या बँकेने २००० साली काढलेला, सूक्ष्म आणि लघुउद्योगाच्या कर्जाला तारणाऐवजी त्याची हमी लागते. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० कोटी केलीय, तुमचे ४८ लाख आरामात बसतात. वर्षाला गॅरंटी फी असते, ती बहुतेक तुमच्याकडूनच घेतात, पण घरावर बोजा नाही. काही भागाला तारण आणि उरलेल्याला गॅरंटी असंही करता येतं. ब्रँचला तारणाचंच प्रपोजल सोपं वाटतं म्हणून ते आधी घर मागतात. लेखी अर्ज द्या, त्यात सीजीटीएमएसईखाली विचार करावा असं स्पष्ट लिहा. फक्त एक लक्षात घ्या, गॅरंटी बँकेला आहे, तुम्हाला नाही, थकलं तर फेडायची जबाबदारी तुमचीच राहते.

दुसरं त्या ७५ दिवसांचं. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु मध्ये आहे ना? मग एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे करारात काहीही लिहिलं तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आणि १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) या कलमामुळे, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. कंपन्यांचे फायनान्सवाले याला घाबरतात. तुमच्या बिलावर उद्यम नंबर छापलेला असू द्या आणि एकदा त्यांच्या अकाउंट्सला मेलवर सर्टिफिकेट पाठवा.

बेदाणा_तासगाव:
हा ४५ दिवसांचा नियम आम्हा व्यापाऱ्यांना लागू होत नाही ना?

ताळेबंद:
नाही. व्यापाऱ्याला उद्यम मिळतं पण ते प्राधान्य क्षेत्राच्या कर्जासाठी, उशिराच्या पेमेंटचं संरक्षण उत्पादन आणि सेवावाल्यांना आहे.

सातपूरकर:
कायदा ठीक आहे पण कंपनीला नोटीस पाठवली की पुढचं शेड्यूल बंद, हे आम्ही सगळे जाणतो.

ताळेबंद:
खरं आहे, चालू गिऱ्हाईकावर कुणी उशिराच्या पेमेंटची सरकारी पोर्टलवर तक्रार करत नाही. पण लेथमास्तरांच्या जुन्या पार्टीकडे कामच राहिलेलं नाही, तिथे १० लाखासाठी तक्रार जरूर करा. बिलं, चलनं, जीआरएन आणि रिजेक्शनबद्दलचे सगळे मेल लावा. चालू कंपनीसाठी ट्रेड्स बघा, म्हणजे बिलं मुदतीआधी पैशात बदलायचा ऑनलाइन बाजार. २५० कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे, आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट असे प्लॅटफॉर्म आहेत. तुम्ही बिल टाकायचं, कंपनीने मान्य करायचं, मग बँका त्यावर बोली लावतात आणि दोन दिवसात पैसे खात्यात. दर कंपनीच्या पतीवर ठरतो म्हणून बहुतेक वेळा तुमच्या सीसीपेक्षा स्वस्त पडतो, आणि पुढे कंपनीने पैसे दिले नाहीत तरी बँक तुमच्या मागे येत नाही. फक्त तुमच्या सीसी बँकेला कळवा आणि ती बिलं डेटर्समधून वगळा.

कृष्णाकाठ:
हे सगळ्यात उत्तम. नवीन पार्टची निम्मी बिलं जरी ट्रेड्सवर गेली तरी ४८ ऐवजी ४१ च्या आसपासच्या लिमिटमध्ये तुमचं भागेल, आणि वडिलांना जी काळजी आहे ती बऱ्याच अंशी मिटेल. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, त्यांनी कर्जात बुडालेली माणसं बघितली असतील. त्यांना बसवून ८५ दिवसांचा कागद दाखवा, पैसा कुठे जातो आणि कुठून परत येतो ते एकदा डोळ्यांनी दिसलं की माणूस शांत होतो. १० लाखाचं मात्र वेगळं करा. वसूल होईपर्यंत ते सीसीत ठेवू नका, बँकेला सांगून तेवढी रक्कम वर्किंग कॅपिटल टर्म लोनमध्ये टाकून घ्या, तीन वर्षांचे हप्ते बांधून घ्या. सीसी लगेच हलायला लागेल. बँकेत जाऊन अडचण आधी सांगणाऱ्या माणसाला वागवायची पद्धत वेगळी असते, हे मी टेबलाच्या त्या बाजूने सांगतोय.

लेथमास्तर:
काका, सीए साहेब, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. आज दिवसभर बसून कागद केले. चक्राचा कागद, महिन्यावारी प्रोजेक्शन, शेड्यूलची कॉपी, हीट ट्रीटमेंटकडचा माल धरून नवीन स्टॉक स्टेटमेंट. अर्जात सीजीटीएमएसई आणि १० लाखाचं टर्म लोन दोन्ही लिहिलंय. कंपनीच्या परचेसवाल्याला ट्रेड्सचं विचारलं तर म्हणाले आमची नोंदणी आहे, सप्लायरच कुणी विचारत नाही. सोमवारी बँकेत जातोय. अजून काही राहिलंय का?

हिशेबवही:
इन्शुरन्स. सीसीला स्टॉकचा विमा असतोच पण पॉलिसीत पत्ता फक्त तुमच्या शेडचा असतो. माल दोन-तीन लाखाचा कायम हीट ट्रीटमेंटला असतो म्हणालात, तिथला पत्ता पॉलिसीत घालून घ्या, आणि स्टॉक वाढणार तशी विम्याची रक्कमही वाढवा. २२ लाखाचा विमा आणि जागेवर ३० लाखाचा माल असेल तर नुकसान झाल्यावर भरपाईही त्याच प्रमाणात कापून मिळते.

तिखटजाळ:
आणि सँक्शन लेटर आलं की सही करायच्या आधी पेनल चार्जेसचं पान वाचा. १ एप्रिल २०२४ पासून दंडावर व्याज चढवता येत नाही, पण स्टॉक स्टेटमेंट उशिरा दिलं की दंड लागतोच. मी दर महिन्याच्या ५ तारखेला मोबाइलवर अलार्म लावलाय, मिरचीची गाडी दारात असली तरी आधी स्टेटमेंट जातं.

लेथमास्तर:
विम्याच्या एजंटला आत्ताच मेसेज टाकला. सोमवारी काय होतं ते इथेच लिहितो.